नगण्य

खसब बंदरात, बर्फाच्या कारखान्यावर आमच्या दोन खोल्या.
खाली लादी फुटली की वर चहाचा कप थरथरतो.
एकोणीस वर्षं मी जिथं बसलो
तिथं काहीच थरथरत नसे.
गालिचे जाड होते,
दारं आपली आपण मिटत.

मसुदे लिहायचो.
सामुद्रधुनी बंद पडली तर पहिले सहा तास,
मग पहिले सहा दिवस.
तेल, विमा, सुरुंग, पाणबुड्या,
आणि अगदी शेवटी परिशिष्ट ग, इतर हानी.
त्यात एक ओळ माझ्याच हातची :
मच्छीमार नौका – नगण्य.
साहेबांनी हिरव्या शाईनं दोन स्वल्पविराम हलवले.
त्या ओळीला कुणी हात लावला नाही.
भाषा चोख होती.

मस्कतला बदली झाली, तिथून एका पाहणीसाठी इथं आलो.
धक्क्यावर पलीकडच्या तीरावरचा एक म्हातारा बसला होता, गुलामअब्बास.
सरावाच्या रात्री दिवे मालवून गेलेल्या कुठल्याशा जहाजानं
त्याच्या भावाची होडी चिरली होती.
कुणाचं जहाज, ते कुणीच सांगेना.
किती होते, मी विचारलं. सवयीनं विचारलं.
मुंबईच्या फेऱ्यांत शिकलेल्या मोडक्या हिंदीत तो म्हणाला,
दोन माणसं, एक पोरगा,
अकरा शेळ्या.
तो शेळ्यासुद्धा मोजत होता.

लोक त्याला नाखुदा म्हणत.
माझा आजा हर्णैला नाखवा होता.
हे मी कुठल्याच अर्जात लिहिलं नव्हतं.

लगेच राजीनामा दिला, असं काही नाही.
आणखी चौदा महिने पगार घेतला.
मुलीचं शेवटचं वर्ष होतं.
त्या चौदा महिन्यांत नगण्य हा शब्द
मी दुसऱ्या शब्दांनी लिहीत राहिलो.

आता शम्सा अल-शेह्ही आणि मी.
ती शाळेत भूगोल शिकवायची, आता वही सांभाळते :
होडीचं नाव, नाखुद्याचं नाव, निघाल्याची वेळ,
दोन्ही तीरांच्या होड्या एकाच वहीत.
यावरूनच पहिली सहा पत्रं परत आली.
जुना सहकारी फोनवर हसला,
काय रे, माळ घेतलीस का गळ्यात?
नाही घेतली. कुठलं क्षेपणास्त्र कुठवर पोचतं
ते अजून झोपेतही सांगेन.
म्हणूनच तर.

पहिल्या बैठकीला दोन्हीकडून साहेब आले नाहीत,
साहेबांचे मदतनीस आले.
या आखाताला कोणाच्या नावानं हाक मारायची
यावर दोन तास गेले. खजूर संपले.
शेवटी इतिवृत्तात मी लिहिलं : हे पाणी.
दोघांनीही सही केली,
आणि एकमेकांकडे न बघता
एकाच किटलीतून चहा ओतून घेतला.

तहकुबी म्हणजे सलोखा नव्हे, ठाऊक आहे.
तीन वर्षांत पदरात एवढंच पडलं :
सरावाच्या आदल्या रात्री
वहीतल्या प्रत्येक घरी एक फोन जातो.
तेही दोन्हीकडचे तोंडी मान्य करतात, कागदावर नाही.

आज तशी रात्र आहे.
अडतीस नावं झाली.
शम्सा एकेका नावापुढं टिंब देतेय,
तिचं पेन मधेच सुकतं, ती ते जिभेला लावते.
एकोणचाळिसावा फोन वाजत राहतो.
खाली लादी फुटते. कप.
पुन्हा लावतो.

एक लहान मुलगी उचलते.
नाखुदा कुठं आहेत?
झोपलेत, म्हणते. उठवू?

नको, म्हणतो. झोपू दे.

आणि रकान्यात, जिथं वेळ लिहायची असते तिथं,
मी देवनागरीत लिहितो,
शम्साला वाचता येत नाही तरी :
घरी.